अडीचशे दिवस पाण्यावर : सहा मुलींची होडी आणि आपल्या घरातली मुले

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अंगाला धावडा हे गाव आहे. मिरची, मका आणि कपाशी ही इथली पिके, आणि पाऊस हाच इथला खरा मालक. मुंबईचा समुद्र येथून चारशे किलोमीटरच्या पुढे. गावातल्या पुष्कळ माणसांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेल्यावर. अभिवादनाची रांग संपली, की दादरच्या चौपाटीवर पाय ओले करायचे, भरतीचे पाणी डोळे भरून पाहायचे आणि रात्रीची गाडी धरायची. एवढीच आपली समुद्राशी ओळख.

पण त्याच पाण्यावर सलग आठ-आठ, नऊ-नऊ महिने काढणारी माणसे असतात. ती काय खातात? केव्हा झोपतात? वादळात काय करतात? बंदराला लागल्यावर कुठे जातात? हे प्रश्न आता नुसत्या कुतूहलाचे राहिलेले नाहीत. दहावी-बारावी झालेल्या मुलाच्या बापाला “पोराला मर्चंट नेव्हीत लावून देतो, तीन-चार लाखांची सोय करा” असे सांगणारे लोक आता कोरडवाहू तालुक्यांतूनही फिरतात. जमीन गहाण टाकण्यापूर्वी समुद्रावरचे जिणे कसे असते, हे आपण घरात बसून समजून घ्यायला नको का?

सहा जणी, एक होडी

१० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्यातील आय.एन.एस. मांडवी या नौदल तळावरून ‘तारिणी’ नावाची शिडाची नौका निघाली. लांबी अवघी ५६ फूट, म्हणजे आपल्याकडच्या एस.टी. गाड्या एकापाठोपाठ एक लावल्या तर दोन गाड्यांहूनही कमी. त्या नौकेवर भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या. वर्तिका जोशी कप्तान, आणि तिच्याबरोबर प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. साऱ्या पृथ्वीला वळसा घालून त्या २१ मे २०१८ रोजी गोव्यात परतल्या. २५४ दिवस आणि सुमारे २१,६०० सागरी मैल, म्हणजे चाळीस हजार किलोमीटर.

या सहा जणींच्या गावांकडे पाहा. वर्तिका आणि पायल उत्तराखंडच्या, प्रतिभा हिमाचलातल्या कुलूची, विजया देवी मणिपूरची. डोंगरातल्या मुली! त्यांच्या राज्यांना समुद्रकिनाराच नाही. तेव्हा “आपल्याकडे कुठे समुद्र आहे?” ही सबब धावड्याच्या किंवा भोकरदनच्या मुलीलाही पुरणारी नाही.

या मोहिमेच्या पाठीमागे मराठी माणसांचे कष्ट होते, हेही सांगितले पाहिजे. शिडाच्या नौकेतून भारतीयाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहत. तेही कोरड्या मुलखातले गाव. २०१८ साली त्यांचे निधन झाले. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी ही कल्पना २००९-१० साली ‘म्हादई’ या नौकेतून एकट्याने प्रत्यक्षात आणली. एकट्याने शिडावर जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे या मुलींना त्यांनी धडे दिले. ‘म्हादई’ आणि ‘तारिणी’ या दोन्ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधल्या गेल्या.

झोप तुकड्यातुकड्याची

शिडाच्या होडीवर रात्र झाली म्हणून काम थांबत नाही. कारखान्यात पाळ्या असतात तशाच पाळ्या इथे. दोघी जागायच्या, बाकीच्यांनी पडायचे, काही तासांनी उठायचे. सुकाणू, वाऱ्याची दिशा, समोरून येणारे जहाज आणि आभाळाचा रंग, या सगळ्यांवर नजर हवी. सहा-सात तासांची सलग झोप ही चैन ठरते. झोपतानाही अंग गडगडू नये म्हणून पलंगाच्या कडेला कापड बांधावे लागते.

स्वयंपाकाचे पाहा. होडी एका अंगावर कललेली, आणि चूल बिजागरीवर टांगलेली. होडी हलली तरी चूल सरळ राहावी म्हणून ही सोय. ताज्या भाज्या पहिल्या काही दिवसांत संपतात. मग कांदे, बटाटे, डाळ-तांदूळ आणि डब्यातले तयार अन्न. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यातून यंत्राने काढायचे आणि जपून वापरायचे. दुष्काळात घागरीसाठी टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आमच्या माउलींना हे वेगळे समजावून सांगायला नको. चहूकडे पाणीच पाणी, आणि पिण्याला मात्र मोजून.

वर डेकवर जायचे तर अंगाला पट्टा आणि पट्ट्याला दोर. तो दोर होडीला अडकवल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. शीड फाटले तर शिवायचे, दोर तुटला तर गाठायचा, यंत्र बिघडले तर उघडायचे. तिथे मिस्त्री बोलावता येत नाही. सहा जणींपैकी प्रत्येकीला शिंपीण, सुतारीण, स्वयंपाकीण, विजेची कारागीर आणि परिचारिका व्हावेच लागते. ‘हे काम माझे नाही’ असे म्हणायला जागा नसते.

वाटेतली सर्वांत अवघड मजल न्यूझीलंड ते फॉकलंड बेटे ही होती. साधारण चाळीस दिवस एकही किनारा नाही. दक्षिण गोलार्धात तिथे जमीन आडवी येत नाही, त्यामुळे वारा अडत नाही आणि लाटा डोंगरासारख्या उठतात. घरादारांवरून जातील अशा लाटा, हाडे गोठवणारी थंडी आणि ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचा वारा, हे सारे त्यांनी सोसले. जानेवारी २०१८ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न त्यांनी ओलांडले. जहाजी लोक या टोकाला फार वचकून असतात.

याच मजलेत त्यांना एक दिवस दोनदा जगायला मिळाला. पूर्वेकडे जाताना पॅसिफिक महासागरातील आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, की कालचीच तारीख पुन्हा येते. पोस्टाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला हे पटणार नाही, पण पृथ्वी गोल असल्याचा हा रोकडा पुरावा आहे.

सणवार पाण्यावरच गेले. २०१७ ची दिवाळी ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर, नवे वर्ष पॅसिफिकमध्ये. १४ एप्रिल २०१८ रोजी आपल्या गावोगावी निळे झेंडे लागले होते, मिरवणुका निघाल्या होत्या, त्या दिवशी ‘तारिणी’ केपटाउन सोडून हिंदी महासागरात घराच्या वाटेवर होती.

बंदर लागले, की

ठरलेली बंदरे चार होती. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन. प्रत्येक ठिकाणी साधारण दोन आठवडे मुक्काम.

बंदर म्हणजे सहल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते दुरुस्तीचे दिवस असतात. डोलकाठी तपासायची, शिडे उतरवून शिवायची, यंत्राचे तेल बदलायचे, पुढच्या मजलेचा शिधा भरायचा, मिठाने कडक झालेले कपडे गोड्या पाण्यात धुवायचे. पाय जमिनीवर ठेवल्यावरही दोन दिवस जमीन डोलत असल्याचा भास होतो. एवढे करून वेळ उरला तर गाव पाहायचे. या मुलींनी तो वेळ शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना भेटण्यात आणि तिथल्या भारतीय कुटुंबांशी बोलण्यात घालवला.

चारही बंदरे एकमेकांसारखी नाहीत. फ्रीमँटल हे पर्थ या मोठ्या शहराचे बंदर. लिटलटन डोंगराच्या कुशीतले छोटेसे गाव. पोर्ट स्टॅन्ली ही फॉकलंड बेटांची राजधानी, पण वस्ती दोन-अडीच हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या खेड्याएवढी. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि किनाऱ्यावर पेंग्विन पक्षी. केपटाउन हे त्या दक्षिण आफ्रिकेचे शहर, जिथे काळ्या माणसाला गोऱ्यांच्या बाकावर बसण्याची बंदी होती. १९९४ च्या निवडणुकीत सर्वांना मताचा हक्क मिळाला आणि नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. ज्यांच्या आजा-पणजाला पाणवठ्यावर बंदी होती, त्यांना त्या शहराचा इतिहास परका वाटणार नाही.

पाचवे बंदर ठरलेले नव्हते. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रात बिघाड झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये ‘तारिणी’ला मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात शिरावे लागले. दुरुस्ती झाल्यावर २६ एप्रिलला ती पुन्हा निघाली.

पोर्ट लुई हे नाव मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे असे आहे. इंग्रज अमलात गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले जाऊ लागले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले मराठी बोलणारे कष्टकरीही होते. कित्येक आठवडे जहाजाच्या पोटात दाटीवाटीने बसून ही माणसे पोर्ट लुईच्या घाटावर उतरली. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या मजुरांचे वंशज आजही तिथे आहेत, आणि तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते. ते खलाशी म्हणून गेले नाहीत, हौसेने तर नाहीच नाही. पोट त्यांना घेऊन गेले.

अजिंठ्याच्या भिंतीवरचे जहाज

धावड्याच्या लोकांना समुद्र लांब असला, तरी जहाज जवळ आहे. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात, भिंतीवर तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे. ते पूर्णाच्या कथेतले आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. त्याने अनेक सागरसफरी केल्या. कथेत असे सांगितले आहे की, एका सफरीत त्याच्या जहाजावर श्रावस्तीचे व्यापारी होते आणि पहाटेच्या वेळी ते काही वचने म्हणत. ही कसली गाणी, असे पूर्णाने विचारले. ही गाणी नव्हेत, बुद्धवचने आहेत, असे उत्तर मिळाले. पुढे पूर्ण भिक्खू झाला. एका जहाजावरच्या सोबतीने माणसाचे आयुष्य बदलले ते असे. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उकरून जगासमोर आणला.

आपले भोकरदनही या वाटेवरचेच. जुने नाव भोगवर्धन. १९७० च्या दशकात तिथे झालेल्या उत्खननात सातवाहनकाळातील हस्तिदंती मूर्ती मिळाली. तशाच घडणीची मूर्ती इटलीत, ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडलेली आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या भागातले कसब बैलगाडीने घाट उतरून, बंदर गाठून, जहाजाने रोमपर्यंत पोहोचत होते.

अजिंठ्यातील चित्रांवरूनच अलीकडे एक खरे जहाज बांधले गेले, ‘कौंडिण्य’. केरळच्या कारागिरांनी खिळा न ठोकता, लाकडी फळ्या काथ्याच्या दोराने शिवून ते उभे केले, आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले. हे नाव पंचवर्गीय भिक्खूंपैकी कौंडिण्यांचे नव्हे. आग्नेय आशियात गेलेल्या त्याच नावाच्या प्राचीन दर्यावर्दीवरून ते दिले आहे. या जहाजाला इंजिन नाही. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी ओमानच्या मस्कत बंदराला लागले. ज्या भिंतीवर आपण शाळेच्या सहलीत नुसती नजर टाकून पुढे गेलो, त्या चित्रात जहाज बांधण्याइतकी माहिती होती.

समुद्राने बाबासाहेबांचेही देणे ठेवले आहे. १९१३ साली ते जहाजानेच अमेरिकेला गेले. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान वेगळ्या जहाजाने येत होते. पहिले महायुद्ध चालू होते. युद्धातील माऱ्यात ते जहाज बुडाले आणि पै पै वाचवून घेतलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. तरी त्यांनी समुद्राची वाट सोडली नाही. १९२० साली ते पुन्हा जहाजात बसले आणि अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करून आले.

पोटासाठी समुद्र

नौदलाची मोहीम वेगळी आणि मालवाहू जहाजावरची नोकरी वेगळी. तिथे शिडे नसतात, अवाढव्य इंजिन असते. कामगारांचे तीन भाग : डेक, इंजिन आणि स्वयंपाकघर. डेकवरचा पहारा चार तासांचा, मग आठ तास मोकळे, पुन्हा चार तास. शिवाय गंज खरवडणे, रंग देणे, दोर सांभाळणे ही रोजची कामे. इंजिनखोलीत उकाडा आणि कानठळ्या बसवणारा आवाज. करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा.

पूर्वी जहाज बंदरात आठवडाभर थांबे आणि खलाशी गाव पाहून येत. आता डब्यांची, म्हणजे कंटेनरची जहाजे एका दिवसातही रिकामी होऊन निघतात. कित्येकांना बंदर दिसते ते डेकवरूनच. घरी फोन करावा, आईचा आवाज ऐकावा, मुलाची परीक्षा कशी गेली ते विचारावे, यासाठी खलाशी बंदराची वाट पाहतो. २०२० साली कोरोनाच्या काळात बंदरे बंद झाली, तेव्हा जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. जगाचे धान्य आणि औषधे पोहोचवणाऱ्यांनाच घरी जाता येईना.

पगार चांगला, हे खरे आहे. पण बाळाचा जन्म, बापाचे आजारपण, बहिणीचे लग्न या वेळी माणूस हजर नसतो, हेही तितकेच खरे आहे. मुलाला पाठवणाऱ्या घराने दोन्ही बाजू तोलून पाहाव्यात.

खलाशाला हक्कही आहेत. सागरी कामगारांसाठी २००६ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, जहाजावर मोफत जेवण, लेखी करार, आणि करार संपल्यावर मालकाच्या खर्चाने घरी परत पाठवणे, हे त्यात आहे. कामाच्या तासांसाठी आणि विश्रांतीसाठी बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून काय केले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. हक्क माहीत असेल तरच मागता येतो.

पैसे देण्यापूर्वी

आता मुद्द्याची गोष्ट. माता-पित्यांनी ही चार वाक्ये कापून घरात लावली तरी चालेल.

एक, जहाजावर नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणे कायद्याने मना आहे. अधिकृत संस्था आपले पैसे जहाज कंपनीकडून घेते, तुमच्याकडून नाही. शिक्षणाची फी वेगळी आणि नोकरीचा ‘रेट’ वेगळा. जो नोकरीचा रेट सांगतो तो फसवतो.

दोन, भरती करणाऱ्या संस्थेला आणि शिकवणाऱ्या संस्थेला केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाची मान्यता लागते. हे कार्यालय मुंबईत आहे आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. यादीत नाव नसेल तर पुढे बोलूच नका.

तीन, दहावी झालेल्या मुलासाठी सामान्य खलाशाचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण असते. गुणांची, इंग्रजीची आणि वयाची अट असते, आणि डोळ्यांची कडक तपासणी होते. रंग ओळखता येत नसतील तर डेकवर घेत नाहीत. म्हणून फी भरण्याआधी डोळे तपासून घ्या.

चार, सी.डी.सी. हे खलाशाचे सरकारी पुस्तक मिळाले म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे. ते हातात घेऊन घरी बसलेले तरुण पुष्कळ आहेत.

नौदलाची वाट निराळी. तिथे दलालाचे कामच नाही. परीक्षा, धावणे आणि वैद्यकीय तपासणी. २०२२ पासून ‘अग्निवीर’ म्हणून मुलींनाही खलाशी पदावर घेऊ लागले. मुदत चार वर्षांची आणि त्यानंतर चौघांपैकी एकालाच पुढे कायम होण्याची संधी, हे मात्र आधी समजून घ्यावे. अधिकारी व्हायचे तर बारावीला गणित-भौतिकशास्त्र किंवा पदवी हवी. आणि पोहणे! आपल्याकडे मुले विहिरीत पोहायला शिकतात, मुलींना मात्र काठावर उभे करतात. ही गोष्ट आपल्या हातातली आहे. ती सरकारला विचारून करायची नाही.

जगातल्या व्यापारी जहाजांवर स्त्रिया शंभरात जेमतेम एक-दोन आहेत. तरी वाट मोडली गेली आहे. ‘तारिणी’ पुन्हा २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाली, त्या वेळी तिच्यावर सहा नव्हे, दोघीच होत्या, के. दिलना आणि ए. रूपा. २५,००० सागरी मैलांहून अधिक अंतर कापून त्या २९ मे २०२५ रोजी परतल्या. मधे त्या पॅसिफिकमधल्या अशा बिंदूवरून गेल्या, की जिथून सर्वांत जवळची जमीनही अडीच हजार किलोमीटरच्या पुढे असते. दोघींनी आळीपाळीने झोपायचे, आणि एक झोपली की दुसरीने दोघींचा जीव सांभाळायचा.

असा विश्वास एका दिवसात येत नाही. घरात मुलीला कामापुरते न ठेवता तिच्यावर जबाबदारी टाकली, तिचे म्हणणे ऐकले, तिला एकटीने तालुक्याला जाऊ दिले, की तो हळूहळू येतो. धावड्याहून भोकरदनची एस.टी. एकटीने पकडणारी मुलगी उद्या कुठवर जाईल हे कोणी सांगावे? तिच्या हातात पुस्तक असू द्या, अंगात पोहणे असू द्या, आणि दलालाच्या हातात मात्र एक रुपयाही देऊ नका.